वसतिगृहाच्या बुलेटचा क्लच

आपल्या शाळेत ज्यांनी पाचवी ते दहावीची वर्षे काढली, त्यांना वसतिगृहाच्या पडवीत उभी असणारी काळी बुलेट निश्चित आठवत असेल. तिचा आवाज फाटकाशी आला की अभ्यासिकेतील कुजबुज आपोआप थांबत असे. एखाद्या मुलाला रात्री ताप चढला तर हीच गाडी त्याला पिंपळनेरच्या दवाखान्यात नेई. साक्रीहून वह्या-पुस्तकांचे गठ्ठेही हिच्याच मागे बांधून येत. या स्मरणिकेत संस्थेच्या उभारणीविषयी, ज्यांनी पदरमोड करून भिंती उभ्या केल्या त्यांच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. आम्ही मात्र या गाडीविषयी, त्यातही तिच्या क्लचविषयी लिहिणार आहोत.

ही गाडी संस्थेच्या एका हितचिंतकांनी सेवानिवृत्तीनंतर आपल्या वसतिगृहाला दिली. बनावट मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरची. घडण मात्र इंग्रजांची. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हाला तिच्या कुळाचे नेहमी कुतूहल वाटत आले. इंग्लंडमधील रेडिच हे सुयांसाठी नावाजलेले गाव. तेथील सुया करणाऱ्या एका कारखान्याने पुढे सायकली करायला घेतल्या, एनफिल्ड येथील सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरवले आणि त्यावरून 'रॉयल एनफिल्ड' हे नाव घेतले. त्यांची पहिली मोटारसायकल १९०१ची. स्वातंत्र्यानंतर आपल्या लष्कराला सीमेवरील गस्तीसाठी दणकट गाडी हवी होती. तिच्यासाठी ३५० सी.सी.ची बुलेट निवडली गेली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. इंग्लंडमधील कारखाना १९७०च्या सुमारास कायमचा बंद पडला, पण तिरुवोत्तियूरला तीच जुनी घडण पुढे कित्येक वर्षे निघत राहिली. मूळ देशात जे संपले ते इथे चालू राहिले, हा प्रकार धम्माच्या बाबतीत नेमका उलटा झाला होता, असे आम्ही वर्गात गमतीने सांगत असू.

जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असे. आज नवी गाडी चालवणारा तिच्यावर बसला तर ब्रेक समजून गिअरच दाबेल. टाच मारून न्यूट्रलला आणणारा एक वेगळा छोटा दांडाही तिच्या गिअरपेटीला असे. हे सांगण्याचे कारण, आमच्या कथेची सुरुवात त्या न्यूट्रलपासूनच होते.

सुमारे पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गाडीचा न्यूट्रल लागेनासा झाला. चौकात थांबले की क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला बघायची. गावातल्या कोणीतरी केबल ताणून दिली आणि तात्पुरता आराम पडला. पुढे ३१ जुलै आला. धुळे जिल्ह्यातील वाचकांना हा दिवस सांगायला नको. १९३७ साली याच दिवशी बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगजवळच्या लांडोर बंगल्यात मुक्कामाला राहिले. तेव्हापासूनची आठवण म्हणून दरवर्षी तेथे लोक जमतात. अधीक्षक एका सहकाऱ्याला मागे बसवून निघाले. लळिंगच्या चढावर गाडीने दगा दिला. मूठ पिळली की इंजिन ओरडे, पण चाक मात्र त्या मानाने फिरेना; वर जळका वास. शेवटी दोघे उतरले आणि उरलेला चढ गाडी ढकलत पार केला.

आमच्या शाळेला ही अडचण नुसत्या गैरसोयीची नव्हती. आपल्याकडे येणारी निम्मी मुले साक्री आणि नवापूर तालुक्यांतल्या पाड्यांवरची. दिवाळीची सुट्टी संपते त्याच सुमारास त्यांचे आई-वडील ऊसतोडीला गुजरातेकडे निघतात. धाकट्या भावंडाला सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून आठवी-नववीचे पोरही ट्रकमध्ये चढते आणि मग ते होळीलाच दिसते, किंवा दिसतच नाही. शाळा उघडल्यावर जे बाक रिकामे राहतात त्यांच्या घरी ट्रक निघण्याआधी पोहोचणे, एवढाच त्यावर उपाय. त्या पाड्यांवर एस.टी. दिवसातून एकदा जाते, काहींवर तीही जात नाही. चरणमाळ घाट चढून दोन मुलांना मागे घेऊन येऊ शकेल अशी गाडी वसतिगृहापाशी एकच होती.

शहरातील एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी झाकणही न उघडता सांगितले, की अख्खा क्लच बदलावा लागेल, ड्रम, पट्ट्या, स्प्रिंगा, सगळे. त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या त्या महिन्याच्या किराण्याच्या जवळपास होता. कार्यकारिणीच्या बैठकीत गाडी भंगारात काढावी असा विषय निघाला. तेव्हा स्वयंपाकघरातल्या मावशींनी पिंपळनेरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे नाव सुचवले. त्यांना सारे गाव 'नाना' म्हणे. आम्हीही तेच म्हणू.

नाना आले ते हातात फक्त एक पिशवी घेऊन. गाडीला किक मारली नाही, झाकणाला हात लावला नाही. त्यांनी डाव्या मुठीवरचा क्लचचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला, मग पुन्हा हलवला, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, पट्टी खराब नही शे, केबल ताणेल शे." थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाले, की पट्टीही खराब झाली असेल, पण ती नंतर झाली.

या 'नंतर' शब्दाने आमचे कान टवकारले. क्लच म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे, म्हणजे नानांचे म्हणणे उलगडेल. इंजिनाची ताकद दुहेरी साखळीने एका ड्रमला मिळते. ड्रमच्या आत दोन प्रकारच्या चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. क्लच प्लेट म्हणजे घर्षणाची पट्टी आणि तिच्या शेजारी साधी पोलादी पट्टी. घर्षणपट्टीचे कान ड्रमच्या खाचांत अडकतात, पोलादी पट्टीचे दाते मधल्या गाभ्यात. स्प्रिंगा त्या सगळ्यांना दाबून एकजीव करतात, म्हणून ड्रम फिरला की गाभा फिरतो आणि गाभ्यामागून गिअरपेटी. आपण दांडा दाबला की केबल ओढली जाते, गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून जाणारी एक लांब सळई, म्हणजे पुशरॉड, स्प्रिंगांविरुद्ध वरची प्लेट उचलते आणि पट्ट्या मोकळ्या होतात. पूर्वीच्या पट्ट्यांत चक्क बुचाचे तुकडे बसवलेले असत. हा सारा खेळ तेलात चालतो, आणि त्यातली खरी ताकद स्प्रिंगेच्या दाबात आहे.

म्हणून मुठीवरचा दांडा दोन-तीन मिलिमीटर सैल असलाच पाहिजे. तो सैलपणा नसेल तर पुशरॉड दिवसरात्र प्लेटला थोडी उचलून धरतो. स्प्रिंगा पूर्ण दाबू शकत नाहीत, चढावर भार आला की पट्ट्या एकमेकींवर घसरतात, तापतात, जळतात. आमच्या गाडीचे हेच झाले होते. पण मग केबल ताणली का? न्यूट्रल लागत नव्हता म्हणून. आणि न्यूट्रल का लागत नव्हता? नाना म्हणाले, ते उघडल्यावर दिसेल.

इतिहासाच्या पहिल्या वर्गात आम्ही मुलांना शिकवतो, की जे शेवटी दिसते त्याला मूळ कारण समजू नका. राज्य बुडाले त्या दिवशी काय झाले हे सोपे असते. त्याआधी वीस वर्षे काय होत होते हे शोधावे लागते. शहरातल्या दुकानाला जळालेल्या पट्ट्या दिसल्या असत्या आणि त्यांनी त्या बदलल्या असत्या. नव्या पट्ट्याही पुढच्या पावसाळ्यापर्यंत जळाल्या असत्या. हे आम्हाला त्या दिवशी एका चौथी शिकलेल्या माणसाकडून कळले, आणि पुढे कित्येक वेळा वर्गात सांगायला उपयोगी पडले.

शनिवारी सकाळी पडवीत पोते अंथरून काम सुरू झाले. नववीतला एक मुलगा सकाळपासून तेथेच घुटमळत होता. गणितात कच्चा, पण सायकलची चेन डोळे मिटून बसवणारा. नानांनी त्याला बोलावले नाही आणि हाकललेही नाही. डाव्या बाजूचे पायठेवण आणि ब्रेकचा दांडा काढला. खाली ताट ठेवून तेल उतरवले. जुन्या बुलेटच्या या मोठ्या झाकणाला मधोमध एकच नट असतो, आणि त्याची रबरी कड नीट न बसली की तेल ठिबकते. बुलेटवाल्यांच्या अंगणातले काळे डाग त्यातूनच येतात. झाकण निघाले. स्प्रिंगांचे स्क्रू नाना एकेक न काढता सगळे पाव-पाव फेऱ्याने सैल करत गेले, म्हणजे प्लेट तिरपी होत नाही. घर्षणपट्ट्या बाहेर आल्या त्या काळ्या, आरशासारख्या चकचकीत. नानांनी त्या बाजूला ठेवल्या आणि मुलाला ड्रमच्या खाचेत बोट घालायला सांगितले.

"काय लागतं?"

"नाना, पायरीसारखं काहीतरी."

तेच मूळ होते. वर्षानुवर्षे पट्टीचे कान खाचेच्या कडेवर एकाच जागी आदळून तेथे खळगे पडले होते. क्लच दाबला तरी कान त्या खळग्यांत अडकून राहत आणि पट्ट्या सुटत नसत. म्हणून न्यूट्रल लागेना. म्हणून केबल ताणली. म्हणून स्प्रिंग दबेना. म्हणून पट्ट्या जळाल्या. आम्ही ही साखळी वहीत लिहून घेतली आणि मुलाला वाचून दाखवली. त्याने मान डोलावली, पण त्याचे लक्ष खाचेकडेच होते.

ड्रम जागेवर ठेवून कानस मारली असती तर लोखंडाचा चुरा साखळीत आणि तेलात गेला असता. म्हणून तो उतरवावा लागला. साखळी अखंड असल्याने इंजिनाकडची दातेरी चकती आणि ड्रम दोन्ही एकदमच ओढून काढावे लागतात. त्यासाठी नानांनी जाड लोखंडी पट्टी आणि तीन बोल्ट यांचा स्वतः बनवलेला पुलर पिशवीतून काढला. मग ड्रम मांडीवर घेऊन त्यांनी एक खाच कानशीने सरळ करून दाखवली आणि उरलेल्या मुलाकडे दिल्या. अट एकच, सगळ्या खाचांतून सारखेच घासायचे, नाहीतर भार एकाच कानावर येईल. मुलगा प्रत्येक खाच कंपासपेटीतल्या पट्टीने मोजत होता. गणिताच्या तासाला जे अंतर त्याला कधी दिसले नाही ते त्या दिवशी त्याने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पकडले. संध्याकाळपर्यंत काम झाले नाही. रविवारी सकाळी पुढे सुरू केले.

रविवार हा पालकभेटीचा दिवस. मुलाचे वडील वीटभट्टीवरून आले. पोराचे हात कोपरापर्यंत काळे पाहून ते फाटकातच थांबले. त्यांनी मुलाला नव्हे, आम्हाला विचारले, "सर, माझ्या बापानं हेच केलं, मीही हेच करतो. याचे हात काळे होऊ नयेत म्हणून इथं ठेवलंय ना?"

त्या प्रश्नाला पटकन उत्तर देण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते, आणि तसे उत्तर द्यावे असे वाटलेही नाही. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून काम वाटून दिले गेले, त्या समाजातला बाप पोराच्या हातावरचा काळा रंग पाहून दचकतो, यात त्याचा काय दोष? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलन'मध्ये हीच गोष्ट मांडली, की जातिव्यवस्था नुसती श्रमाची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीच उतरंड करते, आणि माणसाच्या आवडीला वा कुवतीला तिच्यात जागा नसते. पण तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि त्या खात्याने भारतीय तरुणांना तांत्रिक शिक्षण देण्याची, काहींना विलायतेतल्या कारखान्यांत शिकायला पाठवण्याची कामे केली. आज गावोगाव दिसणाऱ्या आय.टी.आय. ज्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून निघाल्या ती १९५०ची. हाताने काम करू नका असे त्यांनी कुठे म्हटले? जन्माने गळ्यात पडलेले काम आणि समजून, शिकून, मोल ठरवून केलेले काम यांत फरक आहे, असे आम्हाला वाटते. हे सारे त्या वेळी आम्ही बोललो नाही. वीटभट्टीवरून आठ दिवसांनी पोराला भेटायला आलेल्या माणसाला व्याख्यान देणे आम्हाला शोभले नसते.

नाना खाली मान घालून पट्ट्या रचत होते. ते म्हणाले, "आबा, जरा इकडे या. हे दाबून धरा. या पोराचा जोर पुरत नाही." वडील पुढे आले, धोतराचा सोगा खोचून उकिडवे बसले आणि प्रेशर प्लेट तळहातांनी दाबून धरली. नाना आणि मुलगा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने घट्ट करत गेले. काही वेळाने वडीलच म्हणाले, की एका बाजूची स्प्रिंग आखूड दिसते. नानांनी ती काढून दुसऱ्यांशेजारी काचेवर उभी केली. खरोखरच आखूड होती. तिच्या जागी दुसरी घातली. पोलादी पट्ट्या त्याच काचेवर आडव्या ठेवून खालून उजेड येतो का ते पाहिले. एक वाकलेली निघाली, तीही बदलली. नव्या आणल्या त्या घर्षणपट्ट्या, एक पोलादी पट्टी, एक स्प्रिंग आणि झाकणाची रबरी कड, एवढेच. दुकानाच्या आकड्याच्या पावपटही खर्च झाला नाही.

शेवटची जुळणी नानांनी मुलाकडून करवून घेतली. साखळीचा ताण खालच्या बोल्टने असा ठेवला, की ती मधोमध पाव इंच हलावी. गिअरपेटीच्या उजव्या झाकणावरची छोटी टोपी काढून पुशरॉडचा स्क्रू जुळवला, आणि शेवटी केबल, मुठीवर दोन-तीन मिलिमीटर सैल. मोटारींसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले तेल येते, ते या झाकणात ओतू नका, पट्ट्या पुन्हा घसरतील, अशी ताकीद देऊन नाना चहा प्यायला बसले. मजुरी विचारली तर म्हणाले, मुलाने अर्धे काम केले, अर्धीच द्या. वडिलांनी त्यांच्यासमोर मुलाचे हात रॉकेलने पुसले.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा सात बाक रिकामे होते. अधीक्षकांनी आणि आम्ही चरणमाळ घाटातून चार दिवसांत पाच फेऱ्या केल्या. एका पाड्यावर ट्रक निघून गेला होता. तेथली दोन मुले आम्हाला मिळाली नाहीत आणि ती शाळेत पुन्हा आलीही नाहीत. पाच मुले परतली. दोघांना मागे बसवून घाटाच्या वळणांवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढत होती आणि इंजिनाच्या आवाजाबरोबरच चाकही फिरत होते, याचा आनंद ज्याने गाडी ढकललेली आहे त्यालाच समजेल.

त्या मुलाने दहावीनंतर धुळ्याच्या आय.टी.आय.मध्ये प्रवेश घेतला. वडिलांची इच्छा डी.एड.ची होती, त्यांनी आम्हाला दोन वेळा पत्र लिहून विचारले आणि दोन्ही वेळा आम्ही मुलाला विचारा असे कळवले. आज तो नाशिककडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. आपल्या याआधीच्या स्मरणिकांत 'आपले यशस्वी विद्यार्थी' या सदरात तहसीलदार, प्राध्यापक, बँक अधिकारी यांची नावे असतात आणि ती असावीतच. फिटरचे, वायरमनचे, नर्सचे नाव मात्र तेथे आम्हाला कधी सापडले नाही. संपादक मंडळाला आमची विनंती आहे, की पुढच्या अंकात ते सदर थोडे रुंद करावे.

गाडी अजून पडवीत आहे. नाना आता नाहीत. त्यांचा पुलर त्यांच्या घरच्यांनी आम्हाला दिला. तो प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. जे माजी विद्यार्थी या समारंभाच्या निमित्ताने येऊन तिला किक मारणार असतील, त्यांना एवढेच सांगणे, की सकाळी थंड गाडीच्या पट्ट्या तेलाने चिकटलेल्या असतात. क्लच दाबून दोन-तीन वेळा किक मारावी, मगच चालू करावी. केबल सैल वाटली म्हणून कोणी ताणू नये. आणि झाकणातील तेल या दिवाळीच्या सुट्टीत बदलायचे राहिले आहे. ज्याला वेळ असेल त्याने अधीक्षकांकडून पाना मागून घ्यावा.